तारीख आजचीच घाला

पत्राचा सारांश (नाव, पलटण, ठिकाण आणि वर्ष पत्रलेखकाच्या विनंतीवरून गाळलं आहे):

मी सैन्यात नर्सिंग असिस्टंट होतो, आता निवृत्त आहे. एका तैनातीत आमची तुकडी मुख्य तळापासून बरीच लांब, एका चौकीवर होती. तिथे डॉक्टर नव्हते. जखमा धुणं, गोळ्या देणं, कोणाला मागे पाठवायचं ते रेडिओवर डॉक्टरांना विचारणं, सगळं माझ्याकडे. रजिस्टर होतं, पण गडबडीच्या दिवसांत मी आधी खिशातल्या वहीत दोन शब्द खरडायचो आणि रात्री रजिस्टरमध्ये उतरवायचो. कित्येक रात्री ते उतरवणं राहूनच गेलं. एके दिवशी गाडीजवळ स्फोट झाला. माझा एक सोबती तिथेच होता. बाहेरून जखम नव्हती, पण तो काही वेळ भांबावलेला होता, त्याला उलटी झाली, कान वाजत होते. ‘रजिस्टरला घेऊ नकोस, मला मागे पाठवतील,’ असं म्हणाला. मी घेतलं नाही. वहीत त्याचं नाव आणि तीन शब्द मात्र आहेत. आज त्याला एका कानाने नीट ऐकू येत नाही, डोकं सतत दुखतं, गोष्टी विसरतो. ‘सेवाकाळात नोंद आढळत नाही’ म्हणून मेडिकल बोर्डाने त्याचा पेन्शनचा दावा नाकारला. आता तो म्हणतो, त्या दिवसाची तारीख घालून एक चिठ्ठी लिहून दे. माझ्याकडे त्या वेळचे कोरे फॉर्म अजून आहेत. दिली तर खोटेपणा, नाही दिली तर दगा. चूक तर माझीच आहे. आणि ती वही? तिच्यात इतरही पुष्कळ जणांची नावं आहेत. ठेवू की जाळून टाकू?

*

आधी उत्तर देते, मग कारणं सांगते. त्या दिवसाची तारीख घालून चिठ्ठी लिहू नका. वही जाळू नका. आणि सोबत्याला मदत करायची आहेच, कारण त्याला देण्यासारखं खरं काहीतरी तुमच्याजवळ आहे. ते खोट्या चिठ्ठीपेक्षा जास्त उपयोगाचं आहे असं मला मनापासून वाटतं. का ते सांगते.

मागची तारीख घातलेला कागद पकडला जातो, हे पहिलं आणि सगळ्यांत किरकोळ कारण. फॉर्मच्या आवृत्त्या बदलतात, रजिस्टरमधल्या अनुक्रमांकांशी चिठ्ठी जुळत नाही, त्या दिवशी दुसऱ्याच कोणाची तरी ड्यूटी निघते. पण समजा पकडला गेलाच नाही, तरी त्याची झळ कोणाला बसते ते पाहा. त्या तैनातीत तुम्ही जे जे नीट लिहिलंत, त्यावर तुमचीच सही आहे. एखाद्याच्या पायाची जखम तुम्ही वेळेवर नोंदवली असेल, त्या ओळीवर त्याला पुढे उपचार मिळाले असतील, कदाचित निवृत्तिवेतनही मिळत असेल. तुमच्या हातचं एक खोटं पान उघडकीला आलं की ती सगळी खरी पानं संशयात येतात. सोबत्याचंही तसंच. त्याचा त्रास खरा आहे, स्फोट खरा आहे. त्या खऱ्या गोष्टीला खोट्या कागदाचा आधार दिला, तर उद्या त्याची खरी गोष्टसुद्धा कोणी ऐकून घेणार नाही.

आता तुमच्या पत्रामागची काही गृहीतकं. ती तुमची एकट्याची नाहीत. अशा पेचात सापडलेले बहुतेक जण तीच धरून बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं गृहीतक असं की नोंद नाही म्हणजे पुरावा नाही. बोर्डाच्या पत्राची भाषा वाचून तसं वाटतं खरं. पण ‘नोंद आढळत नाही’ या वाक्याने एवढंच कळतं की बोर्डापुढे जे कागद आले त्यांत ती गोष्ट नव्हती. घडलं की नाही घडलं, याचा निर्णय त्यात नाही. हा फरक जगभरच्या सैन्यांना आणि न्यायालयांना मान्य करावा लागला आहे, कारण सैन्याच्या नोंदी अपुऱ्या राहतात, हरवतात, जळतात, हे त्यांनी स्वतः पाहिलं आहे. अमेरिकेत सेंट लुईस इथल्या सरकारी अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली. सैनिकांच्या सेवेच्या सुमारे १.६ ते १.८ कोटी फायली त्यात नष्ट झाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून सेवामुक्त झालेल्यांच्या फायलींपैकी जवळजवळ ८० टक्के गेल्या, आणि त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या. लंडनमध्ये त्याच्याही आधी, सप्टेंबर १९४० मध्ये, बॉम्बहल्ल्यात युद्ध खात्याचं कोठार जळलं आणि पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या सेवापत्रकांचा निम्म्याहून मोठा हिस्सा नाहीसा झाला. म्हणून त्या लाखो माणसांनी सेवा केलीच नाही, त्यांना जखमा झाल्याच नाहीत, असं कोणी म्हटलं नाही. सेंट लुईसच्या अभिलेखागाराने इतर ठिकाणचे कागद गोळा करून सेवेचा तपशील पुन्हा उभा करायचं काम सुरू केलं. शेवटच्या पगाराची व्हाउचर, तुकड्यांचे रोजचे हजेरी अहवाल, रुग्णालयांत दाखल झालेल्यांच्या याद्या. हे कशासाठी सांगितलं ते पुढे येईल.

कायद्यातही या अडचणीचा विचार झालेला आहे. अमेरिकेच्या १९४१ सालच्या तरतुदीनुसार, लढाईत भाग घेतलेल्या सैनिकाने सांगितलेली दुखापत त्या सेवेच्या परिस्थितीशी जुळत असेल, तर सरकारी नोंद नाही एवढ्यावरून ती नाकारता येत नाही. त्याविरुद्ध स्पष्ट पुरावा असेल तर गोष्ट वेगळी. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंह यांच्या खटल्यात वेगळ्या बाजूने हाच प्रश्न हाताळला. भरती होताना आजाराची नोंद केलेली नसेल, तर जवान त्या वेळी निरोगी होता असं धरायचं; पुढे वैद्यकीय कारणाने त्याला सेवेतून मुक्त केलं, तर बिघाड सेवेमुळे झाला असं गृहीत धरायचं, आणि तसं नसल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी जवानावर टाकायची नाही. भारतातले पात्रता नियम २०२३ मध्ये नव्याने आले आहेत, शिवाय प्रत्येक देशाचे, प्रत्येक दलाचे नियम निराळे. त्यामुळे तुमच्या सोबत्याला यातलं नेमकं काय लागू पडतं हे सैनिकांची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाकडून त्याने समजून घ्यावं. मला इतकंच दाखवायचं आहे की नोंद नसणं म्हणजे वाट बंद असं नाही. अपील असतं, आणि अपिलात नवा पुरावा ठेवता येतो. अपिलाला मुदत असते, ती मात्र आजच तपासा.

दुसरं गृहीतक, चूक तुमचीच. इथे मी तुम्हाला पूर्ण मोकळं करणार नाही, पण सगळा भार तुमच्यावर टाकू देणारही नाही.

तैनातीतल्या वैद्यकीय नोंदी ढिसाळ राहतात त्याची कारणं जुनी आहेत. क्रायमियाच्या युद्धात स्कुटारीच्या रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल पोहोचल्या तेव्हा मृत्यूंच्या नोंदी वेगवेगळ्या हातांनी वेगवेगळ्या वह्यांत ठेवल्या जात होत्या आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. मृत्यूची ही गत, तर डोकेदुखीची काय सांगावी! १९९०-९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेचे जवळपास ७ लाख सैनिक गेले. त्यांतल्या दीडेक लाख जणांना अँथ्रॅक्सची लस टोचली गेली, अनेकांना विषारी वायूपासून बचावासाठी पायरिडोस्टिग्मीनच्या ३० मिलिग्रॅमच्या गोळ्या दर आठ तासांनी घ्यायला सांगितलं. गोळ्यांची पाकिटं सैनिकांच्या हातात होती, हुकूम झाला की घ्यायच्या. कोणी किती घेतल्या, कोणी घेतल्याच नाहीत, हे माणसागणिक लिहून ठेवलं गेलं नाही. लसीकरण गुप्त ठेवायचं म्हणून काही ठिकाणी लसीचं नाव न लिहिता नुसतं सांकेतिक अक्षर लिहिलं गेलं. ही माणसं घरी परतली आणि हजारोंना थकवा, सांधेदुखी, विस्मरणाचा त्रास सुरू झाला, तेव्हा शोध घेणाऱ्या डॉक्टरांना साधा पहिला प्रश्नसुद्धा सोडवता येईना: कोणाला काय दिलं होतं? लस घेतलेले आणि न घेतलेले यांची तुलना करायची, तर ते दोन गट पाडायचे कशावरून? सैनिकांच्या आठवणीवर अवलंबून राहावं लागलं. या नोंदींच्या दर्जावर नंतर अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये सरकारी पातळीवरच कडक टीका झाली.

त्यानंतर १९९७ मध्ये अमेरिकेने कायदाच केला. तैनातीआधी तपासणी, परतल्यावर तपासणी, रक्ताचे नमुने, आणि सगळी कागदपत्रं एका ठिकाणी. पुढे तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी काही तळांवरच्या फायली नमुन्यादाखल उघडल्या. त्यांच्या २००३ च्या अहवालानुसार, तपासलेल्या नमुन्यांत आधीची किंवा नंतरची, किंवा दोन्ही तपासणीपत्रकं नसलेल्यांचं प्रमाण ठिकाणागणिक ३८ ते ९८ टक्के होतं. कायदा आहे, पैसा आहे, संगणक आहेत, तरी ही स्थिती. मग दूरच्या चौकीवर एकटा नर्सिंग असिस्टंट, दिवसभर जखमा धुऊन रात्री कंदिलाखाली रजिस्टर उघडणार, ही अपेक्षा ज्या व्यवस्थेने ठेवली त्या व्यवस्थेचाही यात मोठा वाटा आहे. दुसरा माणूस दिला असता, आठवड्यातून एकदा कोणी रजिस्टर तपासायला आलं असतं, तर तुमच्या कित्येक नोंदी राहिल्या नसत्या.

पण सोबत्याची नोंद राहून गेली नव्हती. ती तुम्ही दोघांनी ठरवून केली नाही. हे तुम्ही पत्रात प्रामाणिकपणे लिहिलंत, म्हणून मीही स्पष्ट लिहिते. स्फोटाजवळ असलेला माणूस, भांबावलेला, उलटी झालेली, कान वाजणारे. हे मेंदूला हादरा बसल्याचं लक्षण असू शकतं आणि अशा वेळी काय लिहायचं, कोणाला कळवायचं, हा निर्णय त्या माणसावर सोडता येत नाही. तो धड विचार करू शकतोय की नाही हाच तर प्रश्न असतो. जवान अशी दुखणी लपवतात हे सेनाधिकाऱ्यांना ठाऊक आहे. कोणाला तुकडीला सोडून जायचं नसतं, कोणाची बढती तोंडावर असते. म्हणून अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०१० मध्ये असा नियम केला की स्फोटापासून ५० मीटरच्या आत असलेल्या प्रत्येकाची, त्याची तक्रार असो वा नसो, तपासणी झालीच पाहिजे आणि २४ तास विश्रांती दिली पाहिजे. अंतर मोजलं की झालं, कोणाच्या विनवणीला जागाच नाही. तुमच्यासमोर असा नियम असता तर तुम्ही तो पाळला असता, याबद्दल मला शंका नाही. तो नव्हता, समोर मित्र होता, आणि तुम्ही मित्राचं ऐकलंत. त्याची जबाबदारी घ्या, आणि ती घेण्याची योग्य जागा आहे तुमचा जबाब.

त्या जबाबाबद्दल आता. डॉक्टरी व्यवसायात राहून गेलेली नोंद नंतर लिहायची एक सरळ रीत आहे. तारीख आजची घालायची, घटना कधीची ते वेगळं लिहायचं, माहिती कुठून आली ते सांगायचं, खाली सही. आधीच्या ओळींत काही घुसडायचं नाही, खाडाखोड करायची नाही. तुम्ही आता सेवेत नाही, त्यामुळे सरकारी रजिस्टरला हात लावायचा प्रश्न येत नाही. पण साक्षीदार म्हणून याच रीतीने लिहून देऊ शकता. मजकूर साधारण असा असावा:

‘अमुक काळात मी या चौकीवर नर्सिंग असिस्टंट म्हणून नेमणुकीला होतो. हा जबाब मी आज, म्हणजे (आजची तारीख) रोजी, आठवणीवरून आणि त्या वेळच्या माझ्या खिशातल्या वहीतल्या एका नोंदीवरून देत आहे. अमुक दिवशी गाडीजवळ स्फोट झाला. स्फोट होताना मी पाहिला नाही, आवाज ऐकला आणि काही मिनिटांत तिथे पोहोचलो. हा जवान जमिनीवर बसलेला होता. प्रश्नांची उत्तरं उशिरा देत होता. माझ्यासमोर त्याला एकदा उलटी झाली. कान वाजतात असं त्याने मला सांगितलं. बाहेरून जखम दिसली नाही. कानातून रक्त आलं होतं का, हे मला आठवत नाही. मी रजिस्टरमध्ये नोंद केली नाही, कारण त्याने तशी विनंती केली आणि मी ती मान्य केली.’

तुम्हाला आठवेल ते आणि तेवढंच त्यात भरा. डॉक्टरांना रेडिओवर कळवलं होतं की नाही, हेही. पाहिलेलं, ऐकलेलं आणि न आठवणारं या तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या आहेत, तिकडे लक्ष द्या. ‘त्याच्या मेंदूला मार बसला’ असं लिहू नका. ते ठरवायचं काम डॉक्टरांचं. ‘त्याला पेन्शन मिळायलाच हवं’ हेही नको. आणि शेवटचं वाक्य गाळायचा मोह होईल, कारण ते तुम्हा दोघांनाही अडचणीचं आहे. ते गाळू नका. नोंद का नाही, याचं पटण्याजोगं कारण बोर्डापुढे आलंच नाही, इथेच त्याचं प्रकरण अडलंय. ते कारण फक्त तुम्ही सांगू शकता, आणि जो माणूस स्वतःला कमीपणा येणारी गोष्ट स्वतःहून सांगतो, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसतो. मात्र सही करण्याआधी तुमच्या बाजूनेही एकदा वकिलाचा सल्ला घ्या. नोंद न केल्याबद्दल तुम्हाला प्रश्न विचारले जाऊ शकतात, त्यांची तयारी असलेली बरी.

आणखी एक. जबाब सोबत्याला दाखवून, त्याच्या म्हणण्याशी जुळवून घेऊ नका. त्याने त्याचा वेगळा लिहावा. इतक्या वर्षांनी दोन माणसांच्या आठवणीत थोडा फरक पडणारच. शब्दाला शब्द जुळला तर वाचणाऱ्याला पढवलेलं वाटतं.

तिसरं गृहीतक तुम्ही उघड लिहिलं नाही, पण पत्रभर आहे: सगळं माझ्या एका कागदावर अवलंबून आहे. तसं नाही. सेंट लुईसच्या आगीनंतर जे केलं गेलं तेच तुमच्या सोबत्याने लहान प्रमाणात करायचं. स्फोट झाला म्हणजे तुकडीच्या रोजच्या नोंदवहीत तो असणार. गाडीचं नुकसान झालं असेल तर दुरुस्तीचा किंवा गाडी निकामी ठरवल्याचा अहवाल असणार. त्या दिवशी दुसरं कोणी जखमी होऊन मागे गेलं असेल, तर त्याच्या कागदांत घटनेचं वर्णन असणार आणि सोबत कोण होतं तेही कदाचित असेल. रेडिओ संदेशांची वही असते. या सगळ्यांत तुमच्या सोबत्याच्या कानाबद्दल अक्षरही नसेल, पण तो त्या दिवशी त्या जागी होता हे सिद्ध झालं की अर्धं काम झालं. मग त्याची भरतीच्या वेळची श्रवणचाचणी आणि तैनातीनंतरची पहिली श्रवणचाचणी शेजारी शेजारी ठेवायची. मोठ्या आवाजाने कानाला इजा झाली तर चाचणीच्या आलेखात ती बहुधा उंच आवाजाच्या बाजूला, ४,००० हर्ट्झच्या आसपास, खोलगट खड्ड्यासारखी दिसते. असा आलेख अनुभवी कानतज्ज्ञाला बरंच काही सांगतो. सुटीवर घरी आला असताना त्याने कोणा डॉक्टरला दाखवलं होतं का? त्या दिवसांत घरी पाठवलेल्या पत्रात, फोनवरच्या संदेशात कान किंवा डोकं दुखल्याचा उल्लेख आहे का? तारखेसह असेल तर तोही कागद कामाचा. चौकीवरचे इतर सोबती? तेही स्वतंत्रपणे लिहून देऊ शकतात.

या कागदांसाठी त्याने स्वतः, आपल्या सेवा क्रमांकासह, रेकॉर्ड ऑफिसकडे (जवानांच्या सेवेचे कागद सांभाळणारं सैन्याचं कार्यालय) आणि ज्या लष्करी रुग्णालयांत तो गेला होता तिथे लेखी अर्ज करावा. ‘माझी सर्व वैद्यकीय कागदपत्रं द्या’ एवढ्यावर थांबू नये. कोणत्या वर्षाची, कोणत्या प्रकारची, कोणत्या तुकडीतली, हे एक एक करून मागावं. मोघम मागणीला मोघम उत्तर येतं. आणि ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर तेही जपून ठेवावं. रजिस्टर नष्ट झालं किंवा सापडत नाही असं कार्यालयानेच लिहून दिलं, की नोंद नसल्याचा दोष जवानावर टाकणं अवघड होतं.

आता वही. जाळायची नाही, हे सांगितलंच. ज्या दिवशी गोष्ट घडली त्याच दिवशी लिहिलेले ते तीन शब्द तुमच्या आजच्या कितीही सविस्तर आठवणीपेक्षा मोलाचे आहेत. पण म्हणूनच तिला आहे तशी राहू द्या. पान फाडून वेगळं काढू नका, पुसट अक्षरं पेनाने गिरवू नका, स्वच्छ प्रत करून मूळ वही टाकून देऊ नका. त्या पानाच्या मागच्यापुढच्या पानांमुळेच ती वही खरी वाटते.

वहीत इतरांचीही नावं आहेत, ही तुमची काळजी योग्य आहे, आणि ती तुम्हाला आहे याचा मला आदर वाटतो. कोणाला कसलं औषध दिलं, कोणाला रात्री झोप लागत नव्हती, कोण रडला, ही माहिती त्या त्या माणसाची. म्हणून सोबत्यासाठी फक्त त्याच्या ओळीची प्रत द्या, बाकीची नावं झाकून, आणि मूळ वही मागितली तर सक्षम अधिकाऱ्यापुढे दाखवायला तयार असल्याचं जबाबात लिहा. मोबाइलवर पानाचा फोटो काढून जुन्या सोबत्यांच्या ग्रुपवर टाकू नका. एकदा गेला की तो परत येत नाही. वहीत चौकीची जागा, हालचालींच्या तारखा, रेडिओची सांकेतिक नावं असतील, तर प्रत देण्याआधी आपल्या जुन्या युनिटला किंवा रेकॉर्ड ऑफिसला लेखी विचारा. थोडा वेळ जाईल, पण तुम्ही निर्धास्त राहाल.

आणि बाकीची नावं? मला वाटतं, तुमच्या हातून होण्यासारखं सर्वांत मोठं काम इथे आहे. वहीत असलेल्या पण रजिस्टरमध्ये न उतरलेल्या नोंदी ज्यांच्या आहेत, त्यांना एकेकट्याला कळवा: ‘त्या दिवसाची तुझी एक ओळ माझ्याकडे आहे. कधी लागली तर सांग.’ एवढंच. काहींना ती कधीच लागणार नाही. एखाद्याला दहा वर्षांनी फुप्फुसाचा त्रास सुरू होईल आणि त्याच्या डॉक्टरला तीच ओळ हवी असेल. सैन्यातल्या कचरा जाळायच्या उघड्या खड्ड्यांचा धूर ज्यांनी महिनोन्‌महिने श्वासात घेतला, त्यांच्या अनेक आजारांचा सेवेशी संबंध कायद्याने गृहीत धरायला अमेरिकेला २०२२ साल उजाडावं लागलं. दुखणं उशिरा वर येतं. तोपर्यंत कागद टिकला पाहिजे.

हे सदर अशीही माणसं वाचतात जी आज तैनातीवर जाणार आहेत किंवा नुकतीच आली आहेत. त्यांना थोडकं सांगते. जाण्याआधी श्रवणचाचणी करून घ्या आणि तिची प्रत घरी ठेवा. प्रत्येक लसीचं नाव, बॅच नंबर आणि तारीख लसीकरण कार्डावर उतरवून मागा. परतल्यावर जो तपासणीचा फॉर्म हातात देतात तो घरी लवकर जायच्या घाईत ‘नाही, नाही, नाही’ असा भरू नका. पुढे तोच फॉर्म तुमच्याविरुद्ध वाचला जातो. रुग्णालयातून निघताना डिस्चार्ज स्लिपची प्रत मागून घ्या. ज्यांच्या हाताखाली तुकडी आहे त्यांनी एक लक्षात घ्यावं, की कोण कोणत्या दिवशी कुठे होतं याची साधी नोंदसुद्धा पुढे वैद्यकीय कागद ठरते. मार्च १९९१ मध्ये इराकमधल्या खमिसिया इथे अमेरिकी सैनिकांनी दारूगोळ्याचा साठा उडवून दिला. त्यातल्या रॉकेटांमध्ये सरीन हा विषारी वायू होता हे पेंटॅगॉनने १९९६ मध्ये मान्य केलं. मग वाऱ्याची दिशा आणि तुकड्यांच्या जागा संगणकावर मांडून कोणापर्यंत वायू पोहोचला असेल याचा अंदाज बांधावा लागला, सुमारे एक लाख सैनिकांना पत्रं गेली, आणि पुढे तो अंदाजही बदलावा लागला. तुमच्या नर्सिंग असिस्टंटला दिवसातून अर्धा तास रजिस्टरसाठी द्या आणि त्या अर्ध्या तासात त्याला दुसरं काम सांगू नका.

राहिला तुमचा सोबती. त्याला आजच फोन करा, पण कागदाचा विषय आधी काढू नका. दुखणाऱ्या डोक्यासाठी आणि विसरण्यासाठी तो कोणत्या डॉक्टरकडे जातो, हे विचारा. जात नसेल तर कानतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ दोघांकडे पाठवा, स्फोटाची सगळी हकिकत त्यांना सांगायला लावा. दावा मंजूर होवो वा न होवो, उपचार त्याची वाट पाहू शकत नाहीत. आणि आज केलेली तपासणी हाही अपिलासाठी नवा कागदच आहे. झोप कशी लागते, चिडचिड किती होते, मनात वाईटसाईट विचार येतात का, हेही विचारा. तुम्ही त्याला त्या दिवशी पाहिलं आहे, तुम्हाला तो खरं सांगेल.

मग चिठ्ठीबद्दल सांगा. ‘जुन्या तारखेची देणार नाही’ हे आणि ‘आजच्या तारखेचा जबाब देतो, बोर्डापुढे बोलावलं तर येऊन तोंडी सांगतो’ हे एकाच दमात सांगा, म्हणजे पहिल्या वाक्यावर तो फोन ठेवणार नाही. रागावेल कदाचित. रागावू द्या, आणि दोन दिवसांनी पुन्हा फोन करा. ते कोरे फॉर्म तेवढे आता घरात ठेवू नका. जुन्या युनिटकडे परत पाठवा आणि पोच घ्या.